घराबाहेरचे दोन फर्लांग

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रे एकाच अडचणीची आहेत. नव्या शहरात बस्तान बसले, पण आपण राहतो तो भाग मात्र अनोळखीच राहिला, अशी तिघांचीही तक्रार आहे. तिघांची वये, कामे आणि शहरे वेगळी असल्यामुळे उत्तरे स्वतंत्रपणे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची. नोकरीनिमित्त गेल्या वर्षापासून बेंगळुरूत राहते. मल्लेश्वरममध्ये पंधराव्या क्रॉसजवळ (येथे आडव्या रस्त्याला क्रॉस म्हणतात) भाड्याने घर घेतले आहे आणि कार्यालय व्हाइटफील्डला आहे. कंपनीची गाडी सकाळी दारातून नेते आणि रात्री दारात आणून सोडते. किराणा, भाजी, औषधे, जेवण हे सारे फोनवरून मागवले जाते. शनिवार-रविवार झोप काढण्यात, कपडे धुण्यात आणि मराठी मित्रमैत्रिणींबरोबर एखाद्या मॉलमध्ये जाण्यात संपतात. परवा आई राहायला आली आणि तिने जवळ देऊळ कुठे आहे असे विचारले, तेव्हा मला फोन उघडून पाहावे लागले. दर रविवारी परिसर पाहायला बाहेर पडायचे असे मी कित्येकदा ठरवले आहे, परंतु दुसऱ्याच आठवड्यात बेत बारगळतो. कन्नडही येत नाही. काय करावे?

उत्तर : तुमचा बेत दुसऱ्याच आठवड्यात बारगळतो, यात आळसाचा दोष फारसा नाही. आठवडाभर वाहतुकीत आणि बैठकांत शिणलेल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी परिसर पाहण्याचे आणखी एक काम स्वतःच्या मागे लावून घेतले, तर ते टाळण्याकडेच मन ओढ घेणार. म्हणून नवे काम मुळीच वाढवू नका. जी कामे कशीही करावीच लागतात, त्यांतले एखादे फोनकडून काढून घ्या आणि पायांकडे सोपवा. भाजी लागतेच, कपड्यांना इस्त्री लागते, चपलेचा पट्टा तुटतो, घराच्या किल्लीची दुसरी प्रत करून घ्यावी लागते. राहत्या माणसाला आपला भाग कळतो तो अशा किरकोळ गरजांमुळे. प्रेक्षणीय स्थळांची यादी पाहुण्याच्या उपयोगाची असते.

सुरुवात कार्यालयातून परतण्याच्या वाटेपासून करा. आठवड्यातून एक संध्याकाळ कंपनीची गाडी सोडून द्या. व्हाइटफील्डपर्यंतची मेट्रोची जांभळी मार्गिका ऑक्टोबर २०२३पासून अखंड सुरू आहे. त्या मार्गिकेने मॅजेस्टिकपर्यंत यावे, तेथे हिरव्या मार्गिकेची गाडी पकडावी आणि लगेच पुढच्या संपिगे रोड स्थानकावर उतरावे. हे स्थानक मल्लेश्वरमच्या दक्षिण टोकाला आहे आणि तुमचे घर बरेच उत्तरेला. मधले अंतर रमतगमत अर्ध्या तासाचे आहे. क्रॉसचे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात, त्यामुळे कन्नड पाट्या वाचता न येणारा माणूसही येथे वाट चुकत नाही. आकडा वाढतो आहे तोवर आपण घराकडेच चाललो आहोत, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. एकदा संपिगे रोडने जावे, एकदा त्याला समांतर असलेल्या मार्गोसा रोडने, आणि कंटाळा आला की मधल्या एखाद्या क्रॉसवरून इकडून तिकडे ओलांडावे.

या वाटेवर आठवा क्रॉस लागतो आणि तेथे मात्र पायांना रेंगाळू द्यावे. पदपथावर फुलवाल्या ओळीने बसलेल्या असतात. मोगरा, अबोली, शेवंती अशी ओवलेली फुले येथे मोळावर विकली जातात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी. बाई माळ आपल्याच हातावर ताणून मोजतात, त्यामुळे उंच बाईंकडून घेतलेला मोळ आणि ठेंगण्या बाईंकडून घेतलेला मोळ सारखा भरत नाही, आणि जुनी गिऱ्हाइके हे हिशेबात धरूनच आपली फुलवाली निवडतात. श्रावणात वरमहालक्ष्मीचा शुक्रवार आला की आदल्या दिवशी याच फुलांचे भाव कुठल्या कुठे जातात आणि आठव्या क्रॉसवर पाय ठेवायला जागा उरत नाही. भाजीच्या टोपल्यांत मेथी आणि शेपू सहज ओळखू येतील. बाकीच्या चार पालेभाज्या मात्र तुम्ही साताऱ्यात पाहिलेल्या नसतील. त्यांतली एक दर खेपेला घ्यावी आणि ती कशी करायची हे विकणाऱ्या बाईंनाच विचारावे. डिसेंबर-जानेवारीत अवरेकाईचे ढीग लागतात. हा आपला पावटाच आहे. परंतु बेंगळुरूकर दाणे भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून त्याचे साल काढतात आणि त्या सोललेल्या दाण्यांची आमटी करतात. पावट्याच्या मुलखातून आलेल्या तुमच्या आईला हा प्रकार पाहून काहीतरी बोलल्याशिवाय राहवणार नाही.

आईंनी विचारलेले देऊळ तुमच्या घरापासून चालत जाण्याजोगे आहे आणि तेथे तुम्हा दोघींच्या ओळखीची एक खूण आहे. मल्लेश्वरमला ज्याच्यावरून नाव मिळाले ते काडू मल्लेश्वराचे देऊळ सतराव्या शतकातले मानले जाते. विजापूरच्या आदिलशाही फौजेने १६३८मध्ये बेंगळुरू घेतल्यानंतर हा मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला आणि पुढे त्यांचे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजीराजे, यांच्याकडे गेला. याच एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाच्या पूजाअर्चेसाठी दिल्याची नोंद १६६९च्या कन्नड शिलालेखात आहे. व्यंकोजीराजे पुढे तंजावरला गेले आणि तेथे भोसल्यांचे राज्य झाले, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्याआधीची त्यांची पावले तुमच्या घराशेजारी उमटलेली आहेत हे सहसा कोणी सांगत नाही. देवळासमोर दक्षिणमुख नंदीतीर्थ आहे. तेथे नंदीच्या मुखातून पडणारे पाणी खालच्या शिवलिंगावर पडून पुढे कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडात, जमते. ही सारी रचना मातीखाली गाडली गेली होती आणि १९९७मध्ये खोदकामात बाहेर आली. पिढ्यान्पिढ्या येथे राहिलेल्यांनाही तोवर तिचा पत्ता नव्हता, तेव्हा वर्षभरात देऊळ सापडले नाही म्हणून तुम्ही ओशाळण्याचे कारण नाही.

देवळाच्या आसपासच्या निवासी क्रॉसवर जुनी बैठी घरे अजून तग धरून आहेत. तेथून जाताना घरांच्या पुढच्या बाजूइतकेच मागच्या बाजूकडे लक्ष द्यावे. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन्ही वसाहती १८९८च्या प्लेगच्या सुमारास वसल्या. जुन्या पेठेतली दाटी आणि तिच्यामुळे पसरणारा रोग डोळ्यांसमोर असल्यामुळे आखणी करणाऱ्यांनी रुंद, सरळ रस्ते दिले, घरांमध्ये मोकळी जागा सोडली आणि दोन ओळींच्या पाठीमागून सफाई कामगारांसाठी अरुंद गल्ल्या काढल्या. या गल्ल्यांना अजूनही कन्झर्व्हन्सी लेन म्हणतात. काही बुजल्या आहेत, काहींत गाड्या उभ्या असतात, काहींतून मात्र आजही जाता येते. ज्या जातीच्या माणसांनी पुढच्या दाराने येऊ नये अशी तेव्हाची रीत होती, त्यांच्यासाठीच ही मागची वाट होती, हेही तेथून जाताना मनात असावे. मल्लेश्वरमच्या टुमदारपणाचे गोडवे गाणारे लोक हा भाग बहुधा वगळतात.

ओळखीच्या रस्त्यावर वेगळ्या वेळी जाणे हे अनोळखी रस्त्यावर जाण्याइतकेच उपयोगी असते. जो संपिगे रोड तुम्ही रात्री नऊ वाजता गाडीच्या काचेतून पाहता, तोच सकाळी साडेसहाला पाहावा. सँकी तलाव तुमच्या घराच्या उत्तरेला आहे; कर्नल रिचर्ड सँकी यांनी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तो १८८२मध्ये बांधवला. सकाळी तेथे फेऱ्या मारणारे निवृत्त लोक भेटतील आणि त्यांच्याकडे पाऊस, महापालिका आणि जुने मल्लेश्वरम या विषयांवर सांगण्यासारखे पुष्कळ असते. तलावाभोवती फिरताना पावले मोजणारे यंत्र शक्य तर घरी ठेवावे, कारण ते मनगटावर असले की माणूस झाडाकडे न पाहता आकड्याकडे पाहतो. बेंगळुरूत झाडांकडे न पाहणे म्हणजे नुकसानच आहे. लालबागेचा कारभार पाहणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुम्बीगल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा अशा बेताने रस्त्याकडेच्या झाडांची निवड करण्याचा प्रघात पाडला. जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी टॅबेबुया, मार्चमध्ये जांभळा जॅकरांडा, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर असा तो क्रम अजून बराचसा टिकून आहे, आणि ऋतू बदलला हे कॅलेंडर न पाहता कळण्याची सोय तुम्हाला फुकट मिळालेली आहे.

खाण्याचे थोडक्यात सांगते. मार्गोसा रोडवरच्या सीटीआर या हॉटेलातला लोण्याचा डोसा आणि पंधराव्या क्रॉसच्या वीणा स्टोअर्समधली इडली यांची कीर्ती तुमच्या कानावर आली असेल. दोन्ही ठिकाणी रविवारी सकाळी गेलात तर भूक मरेपर्यंत उभे राहावे लागेल. कामाच्या दिवशी घरून काम करत असाल तेव्हा जावे. पण रोजच्यासाठी कोपऱ्यावरची एखादी साधी दर्शिनी धरावी, जेथे उभ्याने कॉफी प्यायची असते आणि शेजारच्या माणसाशी बोलणे ओघानेच होते.

भाषेची धास्ती बाळगू नका. मल्लेश्वरमच्या बाजारात हिंदी, तमिळ, तेलुगू असे काहीही चालून जाते. तरीही सुरुवात कन्नडमध्ये केली की समोरच्याचा चेहरा बदलतो. 'एष्टु' म्हणजे किती, 'साकु' म्हणजे पुरे, 'बेडा' म्हणजे नको, आणि सुट्या पैशांना 'चिल्लरे'. 'कन्नड कलीता इद्दीनि', म्हणजे कन्नड शिकते आहे, एवढे एक वाक्य पाठ केले तर पुढचे चार शब्द बाजारच शिकवतो. फुलवालीला 'अक्का' आणि दुकानदाराला 'अण्णा' म्हणायला तर आपल्याला वेगळे शिकावे लागत नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगायच्या राहिल्या. शहर बसमध्ये शेजारच्या बायका पैसे न देता तिकीट घेताना दिसतील. ती जून २०२३मध्ये सुरू झालेली शक्ती योजना असून ती कर्नाटकात वास्तव्य असलेल्या स्त्रियांसाठी आहे. तुमच्या ओळखपत्रावर अजून साताऱ्याचा पत्ता असेल तर तुम्हाला तिकीट काढावे लागेल. दुसरे असे, की पदपथांच्या फरशा जागोजागी उखडलेल्या आहेत आणि आतल्या क्रॉसवर दिवे मंद असतात, म्हणून नव्या वाटा उजेडी पाहून ठेवाव्यात आणि रात्री उशिरा मुख्य रस्ताच धरावा.

तीच फुलवाली, तोच भाजीवाला, तीच दर्शिनी असे मुद्दाम ठेवावे. दर वेळी नवे ठिकाण शोधणाऱ्याला ठिकाणे पुष्कळ माहीत होतात, पण त्याला कोणी ओळखत नाही. तुम्ही पंधरवडाभर दिसला नाहीत आणि भाजीवाल्याने कुठे होतात असे विचारले, की आईंना देवळाचा पत्ता सांगायला फोन लागणार नाही.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला आहे. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. खोली, अभ्यासिका आणि मेस हा माझा त्रिकोण आहे आणि त्याच्या बाहेर मी क्वचितच जातो. कधी पाय मोकळे करायला बाहेर पडलो तर वडील शेतात राबत असताना आपण येथे हिंडतो आहोत, असे वाटून निम्म्या वाटेतून परत येतो. पुण्यात राहूनही पुणे पाहिले नाही, असे गावाकडचे मित्र म्हणतात. अभ्यास न बुडवता हे कसे जमवावे?

उत्तर : तुमची टोचणी मला समजते आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. घरून येणाऱ्या पैशांवर राहणाऱ्या मुलाला ती असावीच. परंतु मेसला तर तुम्ही दिवसातून दोनदा जाताच. जाताना नेहमीची वाट धरावी आणि येताना दुसऱ्या बोळातून यावे. यात फार तर दहा मिनिटे जास्त लागतात, आणि जेवल्यानंतरची तेवढी मिनिटे अभ्यासिकेतल्या खुर्चीवर डुलक्या घेण्यात जातातच, हे तुम्हीही मान्य कराल.

तुम्ही ज्या पेठेत राहता तेथे जमिनीच्या पोटातही शहर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तेथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणले गेले आणि ठिकठिकाणी हौदांत सोडले गेले. हौद पुष्कळसे बुजले, वाडेही एकामागून एक पाडले जात आहेत, पण फडके हौद, बदामी हौद अशी नावे चौकांना चिकटून राहिली आहेत. मराठवाड्यातल्या मुलाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. टेकडीपलीकडचे पाणी केवळ उताराच्या बळावर, कोणतेही यंत्र न लावता पेठेत खेळवले होते, ही गोष्ट तुम्हाला पुणेकर मुलांपेक्षा अधिक भिडेल असे वाटते.

रात्री जेवण झाल्यावर लक्ष्मी रस्ता ओलांडून नारायण पेठेतून नदीच्या दिशेने उतरावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी पाणी कुठवर आले होते, हे सांगणारे वृद्ध अजून भेटतात आणि हात उंच करून भिंतीवरची जागा दाखवतात. तुम्ही पुराविषयी आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकात वाचता. ते वाचून झाल्यावर लकडी पुलावर उभे राहून पात्राकडे एकदा पाहावे. पाणी त्या पुलाच्याही वरून गेले होते.

बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाड्याची जागा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८मध्ये मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. मोडकळीस आलेला तो वाडा डिसेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. तुमच्या टिपणवहीत ही शाळा एका ओळीत येते. प्रत्यक्षात ती केवढ्या गजबजलेल्या वस्तीत होती आणि तेथवर चालत जाताना त्या काळच्या शिक्षिकेला किती दारांवरून जावे लागत असेल, हे त्या रस्त्याने गेल्याशिवाय लक्षात येत नाही. शनिवारवाडा पाहायला वेगळा दिवस काढू नका. मंडईत फळे आणायला जाल तेव्हा त्या बाजूला वळता येईल. तो पाहिला नाही म्हणून पुणे पाहिले नाही, असे म्हणणाऱ्या मित्रांचे फार मनावर घेऊ नये.

एक बजावून सांगते. हे फिरणे अभ्यासक्रमाला जोडू नका. 'इतिहासाचा भाग पक्का होतो' अशी सबब पुढे केली की तुम्ही त्या दहा मिनिटांतही सनावळ्या घोकू लागाल आणि चौकातल्या पारावर कोण बसले आहे ते दिसणार नाही. फिरताना कानात व्याख्यान लावू नये. महिन्यातून एखाद्या पहाटे अभ्यासिका उघडण्याआधी पर्वती चढून यावी. वरून तुमची पेठ, तिच्यामागची पेठ आणि पलीकडचा नदीकाठ एका नजरेत येतो, आणि खाली आलात की सकाळचा पोह्यांचा धंदा नुकता सुरू झालेला असतो. वडिलांशी फोनवर बोलताना हे सांगावे. मुलगा कुठल्या मुलखात राहतो हे त्यांनाही ठाऊक असावेसे वाटत असते, आणि कटऑफखेरीज दुसरा विषय बोलण्यात आला तर त्यांना बरेच वाटेल.

प्रश्न : मी मिरजेचा निवृत्त शिक्षक आहे. पत्नीच्या निधनानंतर माटुंगा पूर्वेला मुलाकडे राहायला आलो. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीला जातात. रोज सकाळी इमारतीच्या आवारातच पाच फेऱ्या मारतो, मग वर्तमानपत्र आणि दूरदर्शन. रस्ता ओलांडायची भीती वाटते आणि मुंबईत कोणी कोणाशी बोलत नाही असे ऐकून आहे. मिरजेत मला बाजारातून घरी यायला तास लागत असे, इतकी माणसे भेटत.

उत्तर : मुंबईतल्या ज्या थोड्या भागांत पायी चालणाऱ्या माणसाचा विचार करून रस्ते आखले गेले, त्यांतल्या एका भागात तुम्ही राहता. पहिल्या उत्तरात ज्या प्लेगचा उल्लेख आला, तो मुंबईत १८९६मध्येच शिरला होता. त्यानंतर १८९८मध्ये शहर सुधारणेसाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची वसाहत आखली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पाच उद्याने ही त्याच आखणीतली. म्हणून तुमच्या इमारतीपासून झाडांच्या सावलीतून, मोठा रस्ता ओलांडावा न लागता, बरेच अंतर जाता येईल अशी वाट बहुधा काढता येते. ती पहिल्यांदा मुलाबरोबर रविवारी चालून पक्की करावी आणि मग एकट्याने जावे.

आवारातल्या पाच फेऱ्या बंद करून तेवढीच पावले बाजाराकडे वळवावीत, आणि घरातले एक काम मागून घ्यावे. सूनबाईंना फुले, कढीपत्ता, केळीचे पान, ताजी दळलेली कॉफी यांपैकी काहीतरी रोज लागत असेल. माटुंग्याचा बाजार या वस्तूंसाठीच नावाजलेला आहे, कारण येथे तमिळ, मल्याळी आणि कन्नड कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून राहतात. मिरजेच्या माणसाच्या कानाला कन्नड परके नसते, आणि उडुपी हॉटेलातल्या गल्ल्यावरच्या गृहस्थांशी दोन शब्द कन्नडमध्ये बोललात, तर मुंबईत कोणी बोलत नाही हा समज पहिल्याच कॉफीत निघून जाईल. सकाळी साडेदहाच्या सुमारास जावे. कार्यालयाची घाई संपलेली असते आणि दुकानदारांना बोलायला सवड असते.

तुम्ही शिक्षक आहात, म्हणून रस्त्यांच्या पाट्याही वाचत जाव्यात. तेलंग, भांडारकर, भाऊ दाजी ही ज्यांची नावे पाट्यांवर आहेत, त्यांच्याविषयी तुम्ही वर्गात शिकवले असेल, आणि त्याच रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांना ती माणसे कोण होती हे सांगायला येथे फारसे कोणी नाही. उद्यानातल्या बाकावर संध्याकाळी नातवंडांना घेऊन आलेले तुमच्या वयाचे लोक बसतात. बाक बदलू नये आणि वेळ बदलू नये. दोन-तीन आठवड्यांत तेच तुमची चौकशी करू लागतील.

मिरजेच्या माणसाला तंतुवाद्ये आणि गाणे यांची ओढ असतेच असे मी गृहीत धरते. किंग्ज सर्कलजवळ, १९६३मध्ये उभे राहिलेले षण्मुखानंद सभागृह तुमच्या टप्प्यात आहे. तेथे कर्नाटक संगीताबरोबर हिंदुस्थानी संगीताच्याही मैफली होतात. तिकीट मुलाला फोनवरून काढायला न सांगता स्वतः खिडकीवर जाऊन चौकशी करावी. मैफल कुणाची आहे, केव्हा सुटते, त्या वेळी टॅक्सी कुठे मिळते, हे तेथला माणूस सांगेल, आणि परतताना चौकातला सिग्नल ओलांडण्याचा सरावही होऊन जाईल. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागल्यावर घोळक्याच्या मधोमध चालावे, कडेने चालू नये. मुंबईकर असेच ओलांडतात.